सुरंगी आणि काजूगराची परदेशवारी

सुरंगी हा शब्द उच्चारताच कोकणातील माणसाला प्रथम फूल आठवते. वेंगुर्ल्याजवळच्या आरवली, आसोली या गावांत उन्हाळा लागता लागता सुरंगीची झाडे फांदोफांदी कळ्यांनी भरतात आणि त्या उमलण्यापूर्वी, भल्या पहाटे, बायामुली त्या खुडून गजरे ओवतात. परंतु आज वाचकांना मी ज्या सुरंगीची हकीकत सांगणार आहे ती फूल नसून गाव आहे. दादरा-नगरहवेलीत, सिल्वासाच्या परिसरात ते वसले आहे.

हा मुलूख आपल्याला परका नाही. १७८३ साली मराठ्यांनी नगरहवेली पोर्तुगिजांच्या हवाली केली. दोन वर्षांनी दादराही त्यांच्याकडे गेला. पुढे १९५४ च्या जुलै-ऑगस्टात येथील पोर्तुगीज अंमल संपला, १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला आणि २०२० पासून दमण व दीव यांच्याशी त्याची एकत्र मोट बांधण्यात आली. सिल्वासाचे पवित्र मरियेला वाहिलेले चर्च १८९७ सालचे आहे. पूर्वेला कपराडा व धरमपूरचे डोंगर, दक्षिणेला आपला तलासरी-जव्हारचा टापू. वारली, कोकणा, धोडिया ही येथील मूळची माणसे. बाजारात वारली, गुजराती, मराठी आणि हिंदी या चारही बोली एकाच तागडीत पडतात.

कारखान्यांना करसवलत मिळू लागल्यापासून सिल्वासाभोवतीची गावे पालटली. सुरंगीही त्यांतलीच. ताडामाडांच्या आणि मोहाच्या झाडांमागून पत्र्याच्या उंच शेडी डोकावतात, आणि सायंकाळी पाळी सुटली की वाटेवर सायकली व दुचाक्या यांची रीघ लागते. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण त्याच बाजूच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. त्याच्या बिऱ्हाडी गेलो असता त्याने मला नमुन्यादाखल एक रिकामी पिशवी दाखविली. पिशवी कसली, लहानसे पोतेच म्हणा ना! पापुद्र्यावर पापुद्रा चढवून केलेले जाड, चिवट प्लास्टिक. वर ना चित्र, ना नाव.

“ही कशाची रे?” मी विचारले.

“काजूगराची, फादर. हिच्यातली हवा काढून घेऊन तोंड बंद करतात आणि खोक्यात घालून बोटीने परदेशी पाठवतात.”

“आणि वर काही छापायचे नाही?”

तो हसला. “छापून काय करायचे? तिथे पोहोचल्यावर ही कापूनच टाकायची असते. दुकानात जाते ती पिशवी निराळी. ती तिकडेच भरतात.”

त्याच्या त्या उत्तराने मला विचारात टाकले. आपल्या घरी फेस्ताला किंवा नाताळच्या कुस्वारात जो काजू येतो, त्याची वाट आपण कधी शोधीत नाही. परंतु आपले कित्येक वाचक सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या भागांत काजूच्या बागा राखून आहेत, आणि जव्हारकडेही आता काजू लावला जातो. झाडाखाली पडलेली बी आपल्या हातून जाते ती नेमकी कोठे जाते, वाटेत कोण तिला फोडतो, कोण सोलतो, कोण भरतो आणि कोण पुन्हा उघडून भरतो, हे त्यांनी तरी जाणून घेतले पाहिजे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आणि यंदाही, सवड मिळेल तेव्हा, मी या वाटेचा माग घेतला.

काजू हे झाड मुळात आपले नव्हे. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर ते आपोआप वाढे. तेथील तुपी लोकांच्या भाषेत त्याला ‘अकाजू’ म्हणत. पोर्तुगिजांनी त्याचे ‘काजू’ केले आणि तेच नाव आपण जसेच्या तसे उचलले. सोळाव्या शतकात त्यांनी हे झाड हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले, तसेच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिकातही नेले. एकाच घरातील दोन मुली दोन दूरच्या गावी द्याव्या, तशी ही गोष्ट झाली. त्या दोघींची पुढे पुन्हा गाठ कशी पडली ते पुढे येईलच.

सुरंगीहून पूर्वेस निघालो की धरमपूर आणि त्यापलीकडे वांसदा लागते. उतारावरची जमीन खडकाळ. पावसाळ्यात पाण्याने धुपणारी आणि उन्हाळ्यात कातळासारखी तापणारी. येथील माणसे दिवाळी सरली की ऊसतोडीला किंवा वीटभट्ट्यांवर निघून जात. १९८२ साली या वांसदा भागात ‘बाएफ’ या संस्थेने ‘वाडी’ नावाचा उपक्रम आरंभिला. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे उभारलेली ती संस्था. त्याच वर्षी मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. कल्पना साधी होती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या एकरभर हलक्या जमिनीत आंबा आणि काजू लावायचा, बांधावर जंगली झाडांचे कुंपण करायचे आणि पहिली काही वर्षे डोईवर हंडा घेऊन रोपे जगवायची. आंबा नाशवंत, पिकला की त्याच आठवड्यात विकावा लागतो. काजूची बी मात्र वाळवून ठेवता येते, आणि म्हणून गरिबाला ती थोडी तरी मान ताठ ठेवू देते. पुढे येथील शेतकऱ्यांनी ‘वसुंधरा’ ही आपली सहकारी संस्था काढली आणि ‘वृंदावन’ या नावाने स्वतःचा काजूगर बाजारात आणला. ज्यांनी झाडे लावली त्यांनीच बी फोडली आणि पिशवीवर स्वतःचे नाव घातले. अशी उदाहरणे फार नाहीत.

सर्वसाधारण रीत अगदी निराळी असते. उन्हाळ्यात गावात टेम्पो येतो, व्यापारी मूठभर बी हातात घेऊन खुळखुळवितो, एखादी दाताखाली धरल्यासारखे करतो आणि भाव सांगतो. घरात लग्न असेल, शाळेची फी भरायची असेल, तर त्या भावाला हो म्हटले जाते. त्या मुठीत व्यापारी काय पाहतो, हे देणाऱ्याला ठाऊक नसते. तो पाहतो ओलावा आणि भरीवपणा. मोठ्या बाजारात हा कौल हाताने न घेता कापून घेतला जातो. नमुन्याच्या बिया कापून त्यांतील चांगला गर वेगळा काढून तोलतात, आणि ऐंशी किलोंच्या गोणीमागे किती पौंड खाण्याजोगा गर निघेल, असा हिशेब मांडतात. आफ्रिकेचा माल असो की आपला, जगभर काजूच्या बीची किंमत याच आकड्यावर ठरते. आपल्या शेतकऱ्याला मात्र भाव सांगतात तो बीच्या वजनावर. गर किती, हा आकडा व्यापाऱ्याच्या मनातच राहतो.

सावंतवाडीच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात मी अर्धा दिवस घालविला. बाहेरच्या खळ्यावर बी दोन-तीन दिवस उन्हात वाळते. नंतर ती वाफवतात, म्हणजे टरफल थोडे मऊ पडून गर सुटा होतो. मग फोडणी. लाकडी मेजावर बसविलेले पोलादी पाते, पायाशी दांडा. बाई डाव्या हाताने बी पात्यात ठेवते, पायाने दांडा दाबते आणि टरफल उकलून गर बाहेर काढते. टरफलात जे तेल असते ते मोठे दाहक. रंग, रोगण आणि मोटारींचे ब्रेक यांच्या कारखान्यांत त्याला मागणी आहे, परंतु कातडीला लागले की फोड येतात. पूर्वी बायका हातांना राख किंवा तेल चोळून बसत. आता हातमोजे मिळतात, पण मोज्याने काम संथ होते आणि मजुरी किलोवर असते. ज्या बाईशी मी बोलत होतो तिचे मोजे शेजारी नीट घडी घालून ठेवलेले होते.

“फादर, मोजे घातले की दोन किलो कमी होतात हो दिवसाकाठी,” ती म्हणाली.

तिची बोटे काळी पडली होती. तिच्या उत्तरावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

फोडलेला गर भट्टीत मंद आचेवर काही तास सुकवतात. मग त्यावरचा तांबूस पापुद्रा बोटांनी आणि लहान सुरीने काढायचा. गर अख्खा राहिला तर एक भाव, दुभंगून पाकळी झाली तर दुसरा, तुकडा झाला तर त्याहून बराच कमी. शंभर किलो बीतून सुमारे बावीस ते अठ्ठावीस किलोच गर हाती येतो. उरलेले टरफल, पापुद्रा आणि पाणी.

सर्वांत शांत खोली प्रतवारीची. पांढऱ्या मेजांभोवती मुली बसलेल्या असतात आणि त्यांची बोटे दाणे निवडीत राहतात. ‘डब्ल्यू-१८०’, ‘डब्ल्यू-२४०’, ‘डब्ल्यू-३२०’ अशी पत्र्याच्या डब्यांवर लिहिलेली अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. ती काही गुप्त खूण नव्हे. ‘डब्ल्यू’ म्हणजे अख्खा पांढरा गर, आणि आकडा म्हणजे एका पौंडात अधिकांत अधिक किती दाणे मावतात तो. आकडा जितका लहान तितका दाणा मोठा. परदेशात सर्वाधिक चालतो तो ३२०. पौंडाचे माप आपण केव्हाच सोडले. काजूने मात्र ते अद्याप धरून ठेवले आहे, कारण या व्यापाराचे पहिले मोठे गिऱ्हाईक अमेरिका. १९२० नंतरच्या दशकात कोल्लम आणि मंगळूर येथून तिकडे गर जाऊ लागला तेव्हा तो लाकडी पेट्यांतून जाई आणि वाटेतच कीड लागे. पत्र्याच्या चौकोनी डब्यातील हवा काढून त्यात कर्बवायू भरण्याची युक्ती निघाली आणि हा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. तो डबा पंचवीस पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलोंचा. असे दोन डबे एका खोक्यात. डब्याची जागा आता बरीचशी पिशवीने घेतली आहे. पण खोके अजून पन्नास पौंडांचेच.

वीस फुटी कंटेनरमध्ये अशी सुमारे सातशे खोकी रचतात. हा हिशेब मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिला. सातशे खोकी म्हणजे पावणेसोळा टनांहून थोडा अधिक गर. त्यासाठी फोडावी लागते चौसष्ट टनांच्या आसपास बी. एकरी पावणेतीनशे-तीनशे किलो उत्पन्न धरले तर सव्वादोनशे एकर काजूची वाडी एका कंटेनरच्या पोटात जाते. आणि दाणे? एक कोटीहून अधिक. यांतील बहुतेक दाणा कोणा ना कोणा बाईच्या बोटांतून एकदा नव्हे, तीनदा गेलेला असतो: फोडताना, सोलताना आणि निवडताना.

न्हावाशेवाहून कंटेनर सुटला की काही आठवड्यांनी तो रॉटरडॅमला, हॅम्बुर्गला किंवा अमेरिकेच्या एखाद्या बंदरात पोहोचतो. नेदरलँड्समध्ये काजूचे एक झाड उगवत नाही. तरी युरोपातील काजूचा फार मोठा व्यापार त्या चिमुकल्या देशातून चालतो. तेथे गुदामात खोकी फोडून नमुने काढतात. ओलावा पाहतात, बुरशीचे विष आहे का ते तपासतात, गर धातुशोधक यंत्राखालून सोडतात. मग तो भाजला जातो, मीठ लावले जाते, कधी कॅलिफोर्नियाच्या बदामात आणि तुर्कस्तानच्या हेझलनटात मिसळला जातो, आणि शे-दोनशे ग्रॅमच्या झगमगीत पाकिटांत भरून दुकानाच्या फळीवर जातो. पाकिटावर दुकानाचे किंवा तिकडच्या कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. आसोलीचे किंवा वांसद्याचे नसते.

मग येथेच भाजून, येथेच लहान पाकिटे भरून का पाठवीत नाहीत? हा प्रश्न मी धंद्यातील एका जाणत्या गृहस्थांना विचारला. त्यांनी दिलेली कारणे ऐकून माझा प्रथमचा राग थोडा निवळला. कोरा गर हवाबंद स्थितीत वर्षभर आणि त्याहूनही अधिक टिकतो. तेलात तळून मीठ लावलेला मात्र लवकर खवट होतो, आणि त्याचे कित्येक आठवडे समुद्रावरच जातील. लहान पाकीट फुगीर असते; तशी पाकिटे कंटेनरात भरली तर काजूऐवजी हवेचेच भाडे भरावे लागेल. प्रत्येक देशाचा लेबलाचा कायदा वेगळा, भाषा वेगळी. तेथे कित्येकांना काजू, बदाम, शेंगदाणा यांचे एवढे वावडे असते की एका दाण्याने जीव धोक्यात यावा. म्हणून ती सूचना ठळक छापणे युरोपात सक्तीचे आहे. दुकानदाराची मागणीही दर आठवड्याला बदलते. या सर्वांचा मेळ दुकानाजवळ बसलेल्यालाच घालता येतो.

हे सगळे पटण्यासारखे आहे. तरीही सांगतो, ज्याच्या हाती शेवटची पिशवी त्याच्या हाती भाव. पन्नास पौंडांचे खोके पाठविणाऱ्याला प्रतीचा आणि वजनाचा जाब द्यावा लागतो, बाजार पडला तर झळ त्यालाच लागते, आणि माल नापसंत झाला तर तो परत आणण्याचा खर्चही त्याच्याच माथी. पाकीट भरणारा मात्र आज सिंधुदुर्गचा काजू घेईल, उद्या व्हिएतनामचा. गिऱ्हाइकाला फरक कळणारही नाही. २००६ च्या सुमारास व्हिएतनामने गराच्या निर्यातीत आपल्याला मागे टाकले, तेव्हा तिकडच्या दुकानांतील पाकिटांवरचे चित्रसुद्धा बदलले नसेल.

आता त्या दुसऱ्या बहिणीची गोष्ट. मोझांबिकात काजू इतका माजला की १९७० च्या सुमारास जगात सर्वांत जास्त बी त्याच देशात पिकत होती. त्यातील बरीचशी बोटीने आपल्या कोल्लमला येई, तेथील बायका ती फोडीत आणि गर अमेरिकेला जाई. मोझांबिकने हळूहळू स्वतःचे कारखाने काढले. १९७५ ला देश स्वतंत्र झाला. पाठोपाठ यादवी आली, ती १९९२ पर्यंत चालली. कारखाने पुन्हा कसेबसे उभे राहत होते, तोच जागतिक बँकेने कर्ज देताना अट घातली की कच्च्या बीवरील निर्यातकर उतरवावा, म्हणजे शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कर उतरला, बी पुन्हा हिंदुस्थानाकडे वाहू लागली, तेथील कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत पुष्कळशा स्त्रिया, घरी बसल्या. शेतकऱ्याच्या पदरी जे पडले तेही फार थोडे होते. ज्या बीवर आपल्याकडच्या एका बाईची चूल पेटली तीच दुसरीकडे एका बाईच्या हातून गेलेली होती, हे लक्षात आले तेव्हा सावंतवाडीची ती काळी बोटे मला पुन्हा आठवली.

आज हे चक्र आपल्याच दारात येऊन ठेपले आहे. आपल्या कारखान्यांना पुरेल एवढी बी आपल्याकडे पिकत नाही, म्हणून पश्चिम आफ्रिकेतून ती बोटीने येते. २०१८ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरील आयातशुल्क पाच टक्क्यांवरून अडीचवर आणले गेले. कारखानदार म्हणतो, ही बी नसेल तर वर्षातील निम्मे दिवस भट्टी थंड आणि बायका बेकार. बागायतदार म्हणतो, ही बी आली की माझ्या बीचा भाव पडतो. दोघेही खरे बोलतात. मला विचाराल तर माझे झुकते माप बागायतदाराकडे जाते, कारण कारखानदार बोट बदलू शकतो, बागायतदाराला डोंगर बदलता येत नाही. पण कोकणच्या काजूची चव गोडसर आहे, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या जातींचा दाणा भरीव आहे, असे नुसते म्हणून भागणार नाही. ती बी आफ्रिकेच्या बीत मिसळून एकाच खोक्यात गेली तर तिची चव कोण ओळखणार? तिला वेगळी ठेवणारे आणि वेगळ्या नावाने विकणारे हात आपलेच हवेत. गोव्यात फोंड्याची बागायतदार सहकारी संस्था सभासदांची बी विकत घेते. वांसद्याची हकीकत वर आलीच आहे.

ज्यांच्या चार झाडांचेच उत्पन्न आहे त्यांनाही काही गोष्टी करता येतात. बोंडू झाडावरून ओरबाडू नये. पिकून खाली पडू द्यावा, कारण तोडलेल्या बोंडूची बी अर्धवट भरलेली निघते. बी त्याच दिवशी वेगळी करून, बोंडूचा लगदा पुसून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी. सुकलेली बी हातात घेऊन हलविली की खुळखुळते, नखाने दाबली तर खूण उमटत नाही. वजन वाढावे म्हणून ओली बी मिसळण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु एका ओल्या टोपलीने सबंध गोणीला बुरशी लागते आणि व्यापारी मग सबंध गावाचा भाव पाडतो. विक्रीपूर्वी घरीच पन्नास बिया कापून त्यांत चांगल्या किती, पोचट किती, किडक्या किती हे मोजून ठेवावे. टेम्पोवाल्याने मूठ खुळखुळविली की तो आकडा त्याला सांगावा. आठ-दहा घरांनी मिळून तो सांगितला तर बोलणे बहुधा निराळ्या सुरात होते.

साठवण तागाच्या गोणीतच करावी. प्लास्टिकच्या पोत्यात बी घामेजते. गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी आणि भिंतीपासून वीतभर दूर. फेब्रुवारी सरता सरता बी पडू लागते. त्याआधी जुन्या गोण्यांना दोन दिवस चांगले ऊन दाखवून घ्यावे.